आठवी गाठ

१

वेनिंगच्या घरी रंगाचा दिवस मंगळवार. सोमवारी संध्याकाळी कापड धुण्याच्या सोड्यात भिजत घालायचं, मंगळवारी ते पिळायचं, त्याच्या चुण्या करायच्या, गाठी मारायच्या आणि मागच्या पडवीत टबावर आडव्या टाकलेल्या बांबूच्या जाळीवर ठेवायचं. मग वर बर्फाचे खडे रचायचे आणि बर्फावर चहाच्या गाळणीने रंगाची पूड भुरभुरवायची. तिथून पुढचं काम बर्फाचं. तो आपल्या चालीने वितळतो, रंग थेंबाथेंबाने कापडात उतरतो आणि उरलेलं पाणी खाली टबात टपटपत राहतं. बुधवारी दुपारी गाठी सोडल्या की आत काय निघेल ते रंगवणारीलाही ठाऊक नसतं. शेजारणी म्हणत, तुझ्या हातात जादू आहे बाई. "जादू बर्फाची, मी नुसती हमाल," असं वेनिंग म्हणायची आणि मनातून खूश व्हायची.

त्या मंगळवारचं कापड मात्र विकायचं नव्हतं. ते तिच्या आईचं होतं.

आईचं नाव कासिनेम. चाळीस वर्षं तिने सोलो शहरातल्या कापडपेढ्यांसाठी लग्नाच्या कापडांवर गाठी मारल्या होत्या, मोहरीएवढ्या बारीक, दोऱ्याच्या, हजारोंनी. पाच आठवड्यांपूर्वी तिला झटका आला आणि उजवं अंग लुळं पडलं. दवाखान्यातून घरी आल्यावर वेनिंगने कंबर कसली. रोज सकाळी आईला काखेत धरून चालवायचं. आधी दोन पावलं, मग पाच, आणि आता खाटेपासून पडवीच्या दारापर्यंत अकरा. ईद बारा दिवसांवर आली होती. ईदच्या सकाळी सगळी गल्ली सगळ्यांत थोरल्या बाईच्या पाया पडायला येते, तेव्हा आई अंगणातल्या खुर्चीपर्यंत स्वतःच्या पायांनी जाणार, असं वेनिंगने ठरवून टाकलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, बघू. वेनिंगला 'बघू' हा शब्द मुळीच आवडत नसे.

आईची मागणी एकच होती. "मला या पांढऱ्यात नको निजवूस, न्दुक," ती म्हणाली. बेचाळिशीची वेनिंग आईच्या तोंडी अजून न्दुकच होती, छोटी पोर. "रोज सकाळी डोळे उघडले की वाटतं, गुंडाळून ठेवलंय मला. गाठींची चादर कर. चाळीस वर्षं लोकांच्या वऱ्हाडासाठी गाठी मारल्या, स्वतः एकीवर निजले नाही."

म्हणून वेनिंगने बाजारातून नवा मांजरपाट आणला, चांगला लांबरुंद. रंग आईनेच निवडले, मोराचा निळा आणि हळदीचा पिवळा.

२

रोज्यांचा महिना होता. त्या महिन्यात दुपारनंतर बर्फाला सोन्याची किंमत येते, कारण संध्याकाळी उपास सोडायला सगळ्यांनाच गार सरबत लागतं. त्यामुळे वेनिंग सकाळीच बर्फाच्या वखारीवर गेली. वखारवाल्या गितोने करवतीने लादी कापली आणि गोणपाटात टाकली.

"काय म्बाक, सरबताचं दुकान काढलंस की काय?" तो तिला म्बाक म्हणजे ताई म्हणायचा, ती त्याला मस म्हणजे दादा.

"आईच्या चादरीला लागतोय."

"घ्या! चादरी बर्फ खाणार आणि रोजेदार कोमट पाणी पिणार. वाटेत चाटू नकोस हं, उपास मोडेल."

"तू तुझी जीभ सांभाळ, मस गितो. दिवसभर बर्फावर बसतोस, खरं काय ते देवालाच ठाऊक."

घरी येऊन तिने गोणपाटावर मोगरी चालवली, बर्फाचे खडे केले, आणि मग रबरांचा डबा उघडला. सगळी रबरं उकाड्याने चिकटून त्यांचा एक गोळा झाला होता. ओढलं की तुटत होती. दोऱ्याची रिळं विकणारा दुकानदार ईदसाठी गावी निघून गेला होता. कापड भिजलेलं, बर्फ फोडलेला, आणि बांधायला काही नाही.

दुसरी एखादी असती तर तिने बर्फ सरबताला वाटून टाकला असता. वेनिंगने मांजरपाटाच्या काठाला कात्रीने खाच दिली आणि टर्रकन पट्टी फाडली. एकामागून एक आठ पट्ट्या काढल्या.

आईचे गाठींचे नियम दोन होते आणि वेनिंगला ते लहानपणापासून पाठ होते. पहिला, कापडाला मोठ्या गाठी मारायच्या तर जोडीने मारायच्या, एकटी गाठ ठेवायची नाही. दुसरा, कापडाला त्याच्याच काठाने बांधायचं नाही. का नाही, ते आईने कधी सांगितलं नव्हतं. विचारलं की म्हणायची, "नाही म्हणजे नाही." पहिला नियम पाळायला वेनिंगची हरकत नव्हती. दुसऱ्याकडे तिने त्या दिवशी काणाडोळा केला. अडला हरी, दुसरं काय.

नेहमीचं कापड छोटं असे, टबात वेटोळं होऊन बसे. चादर मावेना. शेवटी तिने दोन टब एकापुढे एक ठेवले, वर लांब जाळी टाकली, कापडाची लांबच लांब गुंडाळी केली आणि तिला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत थोड्या थोड्या अंतरावर पट्ट्या बांधल्या. फळ्यांच्या भिंतीला एक छोटी खिडकी होती. त्यातून खाटेवरच्या आईचा आवाज आला.

"किती झाल्या गं?"

"आठ."

"आठ बरोबर."

कशाने बांधल्या ते आईने विचारलं नाही, आणि वेनिंगने सांगितलं नाही. तिने हातमोजे चढवले, बर्फ रचला, वरून निळी पूड भुरभुरवली, मध्ये मध्ये पिवळी. पुडीचा धुरळा नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला फडकं बांधलं होतं. काम झाल्यावर तिने मागे सरून पाहिलं. झालं होतं छान. जाळीवर कुणी निजल्यासारखं दिसतंय, असं क्षणभर मनात आलं, पण उपाशीपोटी काहीबाही मनात येतंच.

३

बुधवारी सकाळी आईसाठी पेज ढवळताना तिला वाटलं, घरात काहीतरी कमी आहे. पंखा चालू होता. शेजारचे कोंबडे ओरडत होते. आई खोकली. सगळं होतं तिथंच होतं. पेज उतू जायला आली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की कालपासून एकदाही थेंब पडलेला ऐकला नाही.

मंगळवारी दुपारपासून टपटप सुरू व्हायची आणि घरभर ऐकू यायची. आईला त्या आवाजावर झोप लागायची. काल वेनिंग पाहुण्यांसाठीचे लाडू वळण्यात गुंतली होती, आवाजाकडे कान नव्हता. पण आता आठवून पाहिलं तर काल दुपारी नाही, संध्याकाळी नाही, झोपताना नाही.

ती पडवीत गेली. टब कोरडे ठाक होते. बर्फ जसा रचला तसाच होता. खड्यांच्या कडा मोगरीने फुटल्या तितक्याच धारदार. वर रंगाची पूड कोरडी, कालच्यासारखीच, एक कणही विरघळलेला नाही. पडवीत उकाडा इतका की तिच्या मानेवरून घाम ओघळत होता.

वेनिंगने विचार केला. बर्फ दाट असेल. गितोने मीठबीठ घातलं असेल काय कोण जाणे. मीठ घातलं तर बर्फ लवकर वितळतो की उशिरा, हे तिला आठवेना. मग तिने सरळ परीक्षाच घेतली. वरचा एक खडा उचलला, बशीत घातला आणि बशी पायरीवरच्या उन्हात ठेवली. आईची पेज गार होईपर्यंत खड्याचं पाणी झालं. म्हणजे बर्फ साधाच होता. चादरीवर असला तरच तो वितळत नव्हता.

हे मनात नीट मांडल्यावर तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तिने खड्यांच्या फटींतून दिसणाऱ्या पट्ट्या बोटाने मोजल्या. सात भरल्या. पुन्हा मोजल्या, या टोकाकडून, मग त्या टोकाकडून. जाळीखाली पाहिलं, टबांमध्ये, टबांमागे. आठवी पट्टी कुठेच नव्हती.

"न्दुक," आईने हाक मारली. "चालायची वेळ झाली ना? मग माझे पाय का बांधलेस?"

४

आईच्या पायांना काही बांधलेलं नव्हतं. वेनिंगने अंगावरची चादर बाजूला करून पाहिलं. दोन्ही पाय घोट्यांशी एकमेकांना चिकटून होते, अंगठे वर करून, सरळ. तिने हळूच वेगळे करायचा प्रयत्न केला. मग जोराने केला. घोट्यांच्या मध्ये तिचं बोटसुद्धा शिरेना. कातडी थंडगार होती.

"दुखतंय?"

"दुखत नाही. सुटत नाहीत, एवढंच."

वेनिंगने आरोग्य केंद्रात फोन केला. परिचारिका चांगली होती, घाईत होती. म्हणाली, स्नायू आखडतात कधीकधी, कोमट पाण्याने शेका, संध्याकाळपर्यंत सुटले नाहीत तर घेऊन या. हे पटण्यासारखं होतं. वेनिंगने पाणी तापवलं, फडकी पिळून पिळून शेकलं, तीळतेल लावून चोळलं. दहाच्या सुमारास गुडघे जुळले. अकरा वाजता आई पेजेचा चमचा धरायला गेली, तर डावा हात छातीवर आला आणि तिथेच राहिला. थोड्या वेळाने उजवा, लुळा असलेला, पाच आठवड्यांत इंचभर न हललेला हात आपोआप उचलला गेला आणि डाव्यावर येऊन टेकला.

आईने त्या हातांकडे पाहिलं, मग लेकीकडे. कासिनेम घाबरणारी बाई नव्हती. नवरा गेला तेव्हाही तिने आधी चूल पेटवली होती आणि मग रडली होती. पण आता तिचे ओठ पांढरे पडले होते.

"चादर कशानं बांधलीस?" तिने विचारलं.

"काठानं," वेनिंग म्हणाली. "रबरं तुटत होती, आई."

आईने खिडकीतून पडवीकडे पाहिलं. मग म्हणाली, "सारीयेमला बोलाव."

५

सारीयेम तीन घरं पलीकडे राहायची; वेनिंग तिला बू, म्हणजे मावशी, म्हणायची. गल्लीतली कुणी बाई गेली की तिला न्हाऊ घालायला, कफनात गुंडाळायला सारीयेमच लागे. बाई मोठी मायाळू, पण तिच्या हातचा खाऊ घेताना पोरं आधी आपल्या आईच्या तोंडाकडे बघत. सारीयेमला ते माहीत होतं आणि तिने त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नव्हतं. "आज ना उद्या सगळे माझ्याच हातचं घेणार आहेत," असं ती हसून सांगायची.

ती खोलीत आली, कासिनेमच्या हातांची घडी पाहिली आणि हसणं विसरली. मग वेनिंगच्या मागोमाग पडवीत आली. दारातच थांबली.

"कुणाला बांधलंयस गं हे?"

"कुणाला नाही, सारीयेम बू. चादर आहे. आईसाठी."

"आईसाठी," सारीयेम म्हणाली. ती पुढे आली, पण जाळीला हात लावला नाही. पदर सावरून वाकली आणि नजरेनेच या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. "डोकं उत्तरेला. पट्ट्या त्याच कपड्याच्या काठाच्या, फाडलेल्या, कापलेल्या नाहीत. घोटे, गुडघे, मांड्या, कंबर, छाती, मान, आणि एक डोक्याच्या वर. सात. मी तीस वर्षं हेच करतेय पोरी, आणि माझ्याकडून इतकं नेटकं होत नाही. कुणी शिकवलं तुला?"

"मी आठ मारल्या होत्या."

"आठ आम्ही मारत नाही."

"मी जोडीनेच मारल्या होत्या!" वेनिंग ओरडली. ओरडल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली. "कात्री आणते. सगळं कापून काढते."

"कात्री नको." सारीयेमने तिचं मनगट धरलं आणि लगेच सोडलं. "या गाठी कापून सुटत नाहीत. हाताने सोडाव्या लागतात. आमच्यात त्या कबरीत उतरून सोडतात, डोक्याकडून. एकदा डोक्याकडून सुरुवात केली की संपलं, मग माणूस तिकडचं. तू पायांकडून सोड. मी हे याआधी कधी कुणाला सांगितलेलं नाही, कारण जित्या माणसासाठी कुणी कधी विचारलंच नाही. होईल की नाही तेही मला ठाऊक नाही."

"होईल," वेनिंग म्हणाली.

६

सारीयेम आत खाटेपाशी बसली. वेनिंगने हातमोजे घातले, कोपरापर्यंतचे, कारण बर्फात उघडे हात फार वेळ टिकत नाहीत आणि पुडीचे डाग महिनाभर जात नाहीत. डावा मोजा मनगटाशी जरा अडकला. तिने ओढून वर घेतला. आईचं जुनं दाभण तिने खिळ्यावरून काढलं. ज्या गाठी बोटांना दाद देत नाहीत त्या दाभणाने सुटतात.

पायांकडचा बर्फ तिने बाजूला सारला. पट्टी दगडासारखी झाली होती. तिने दाभणाचं टोक गाठीत घातलं, हलवलं, पुन्हा घातलं. दुपारची नमाज होऊन गेली. गल्ली झोपली होती. उपासाच्या महिन्यात त्या वेळेला माणसाचा आवाज येत नाही, कुत्रीसुद्धा भिंतीच्या सावलीला पडून असतात. तिला फक्त स्वतःचा श्वास ऐकू येत होता आणि दाभण बर्फावर घासल्याचा आवाज.

पहिली गाठ सुटायला अर्धा तास लागला.

"आई, पाय?"

खिडकीतून थोड्या वेळाने उत्तर आलं. "हलले. अंगठा हलला."

वेनिंग रडली, तशीच रडत पुढच्या गाठीकडे सरकली. गुडघे. मग मांड्या. प्रत्येक गाठीनंतर ती विचारी आणि आई सांगे. कंबर सुटली तेव्हा आई म्हणाली, "कूस बदलली मी, सारीयेमने धरलं नाही तरी." छातीची गाठ सुटली आणि खोलीत काहीतरी धपकन पडल्याचा आवाज झाला. "काही नाही," सारीयेम म्हणाली, "हात खाली आले."

एक गोष्ट वेनिंगने त्यांना सांगितली नाही. जसजशा गाठी सुटत होत्या तसतशी गुंडाळी सैल पडायला हवी होती. ती पडत नव्हती. ओल्या कापडाच्या आत कापडच असतं, दाबलं की दबतं. हे दबत नव्हतं. आत बर्फ झाला असेल, तिने स्वतःला समजावलं. पाणी गोठलं की फुगतं, हे शाळेतलं पोरही सांगेल. तिचा डावा हात केव्हाचा बधिर झाला होता, तेही बर्फानेच.

मानेची गाठ सुटली तेव्हा ऊन उतरलं होतं.

"आई?"

उत्तर नाही.

"आई!"

"बोलता येत नाहीये तिला," सारीयेमचा आवाज आला, घाबरलेला. "मान हलतेय, पण तोंड मिटलंय. वेनिंग, नाकपुड्याही... लवकर कर पोरी."

शेवटची गाठ डोक्याच्या वर होती. वेनिंगने खडे दोन्ही हातांनी ढकलून दिले आणि तिच्यावर वाकली. तिच्या तोंडाखाली, वीतभर अंतरावर, ओलं कापड हळूच आत ओढलं गेलं. वाटीएवढा खळगा पडला. मग तो भरून वर आला. मग पुन्हा आत गेला.

मागे सरावं असं तिला वाटलं. फार वाटलं. पण खोलीत आईचा श्वास कोंडला होता आणि दाभण तिच्या हातात होतं. तिने मान वळवली, खळग्याकडे पाहिलंच नाही आणि नुसत्या स्पर्शाने गाठ सोडवायला लागली. आईने तिला तसंच शिकवलं होतं, डोळे मिटून. निरगाठीला एक पोट असतं, ते बोटाला लागतं. ते लागलं. तिने दाभण खुपसलं आणि जीव खाऊन पिळलं.

गाठ सुटली. खोलीत आई मोठ्याने खोकली आणि पाणी मागितलं.

आणि टबात थेंब पडला, मग दुसरा, मग सगळा बर्फ एकदम सुटला आणि निळंपिवळं पाणी नळ सोडल्यासारखं खाली धावायला लागलं.

७

गुंडाळी आता नुसतं कापड होती. तिने ती उचलली, धुतली, पिळली. काही जड नव्हतं, काही घट्ट नव्हतं. मुकाट्याने ती चादर घेऊन आईच्या खोलीत आली, कारण आईला ती बघायची होती. आई उशीला टेकून बसली होती, अजून धापा टाकत होती, पण गालांवर रंग परतला होता. तिने उजव्या पायाचं बोट हलवून दाखवलं, जणू नवं खेळणं मिळालंय.

"अकरा पावलं तर अकरा," ती म्हणाली. "आज राहिलीत ती उद्या बावीस करू."

सारीयेमने एक टोक धरलं, वेनिंगने दुसरं, आणि त्यांनी चादर उलगडली.

रंग इतका सुंदर वेनिंगच्या हातून कधीच उतरला नव्हता. निळ्यातून पिवळा फुटला होता, मध्ये हिरवा झाला होता, काठाकाठाने जांभळ्या शिरा गेल्या होत्या. आणि मधोमध माणसाएवढी जागा कोरी राहिली होती. पांढरी. खांदा, कंबर, किंचित वाकलेले गुडघे. उजव्या कुशीवर निजलेलं कुणीतरी, तोंड पश्चिमेला.

सारीयेम ओठांतल्या ओठांत पुटपुटत होती. वेनिंगला वाटलं, ठीक आहे, जे व्हायचं ते होऊन गेलं. हा जो कुणी होता त्याची ही जागा, आणि तो आता नाही. ही चादर आपण जाळू किंवा नदीत सोडू, आणि आईला दुसरी करू, नवी रबरं आणून. तिला खरोखर हलकं वाटलं.

मग तिला ती बारीक रेघ दिसली. त्या पांढऱ्या आकृतीत रंगाचा एक टिपूससुद्धा नव्हता, पण एका जागी निळा पट्टा गेला होता, बोटभर रुंद. डाव्या मनगटाच्या जागी.

तिने टोक सोडलं. उजवा मोजा काढला. मग डावा ओढला. तो मनगटाशी जरा अडकला, मघासारखाच.

मांजरपाटाची पट्टी होती. पांढरी, कोरडी. नीट बांधलेली. तो हात कोपरापासून बोटांपर्यंत मेणाच्या रंगाचा झाला होता.

८

सारीयेम पुढे झाली, तशी आई कडाडली. "तू नको हात लावूस! तुझा हात मेलेल्यांना लागतो, तो लागला की हीही तिकडची. तू मागे सर." मग आवाज उतरवून म्हणाली, "रागावू नकोस बाई."

"नाही रागावत," सारीयेम म्हणाली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

वेनिंगने स्वतः प्रयत्न करून पाहिला. उजव्या हाताने, दातांनी. गाठ मनगटाच्या आतल्या बाजूला होती आणि बोटं तिच्यावर नुसती घसरत होती. आपली गाठ आपल्याला सुटत नाही, हे आई लहानपणी केसांच्या फितीबद्दल म्हणायची.

"इकडे ये न्दुक. बस इथं. माझ्या मांडीवर ठेव हात."

"आई, तुझा उजवा हात..."

"डावा आहे. आणि उजव्याची दोन बोटं आता हलतात. तू गप बस."

वेनिंग खाटेच्या कडेवर बसली. आईने दाभण घेतलं, ठेवून दिलं आणि नखानेच गाठ चाचपली. चाळीस वर्षांचं ते नख, मधोमध खाच पडलेलं. तिने गाठ डोळ्यांजवळ नेली. बराच वेळ पाहिली.

"ही तू मारलेली नाहीस."

"मी कशी मारीन, आई, माझ्याच हाताला?"

"तसं नाही. गाठ मारणारा समोर बसून मारतो, तेव्हा शेपूट असं येतं, माणसाकडे. हे उलटं आलंय." आईने एकदाच जाळीच्या, पडवीच्या दिशेने पाहिलं. "ही खालून मारलीय. निजल्या निजल्या, वर हात करून."

बाहेर मशिदीचा नगारा वाजला. गल्लीत एकाच वेळी भांड्यांचा आवाज सुरू झाला, कुणीतरी हसलं, कुठेतरी बर्फ पेल्यात पडल्याचा खणखणाट झाला. सगळ्या गावाचा उपास सुटत होता. या खोलीत कुणीही पाण्याच्या तांब्याकडे पाहिलं नाही.

"घाबरलीस?" आईने विचारलं.

"हो."

"मीही. पण ऐक. गाठी मारण्यात माझा हात कुणी धरला नाही, आणि सोडण्यातही धरणार नाही. ही सुटेपर्यंत मी मरत नाही, आणि तुलाही मरू देत नाही. कळलं? आता हलू नकोस."

तिने नख घातलं. गाठ जराशी हलल्यासारखी झाली. मागच्या पडवीतली टपटप थांबली होती.

"हात ओढू नकोस गं," आई म्हणाली.

"मी नाही ओढत, आई."

आईने वर पाहिलं नाही. तिने लेकीचं कोपर आपल्या लुळ्या काखेत दाबून घट्ट धरलं आणि पुन्हा नख घातलं.